खर्चाच्या वहीत न सापडणारी बस

मालवण तालुक्यातल्या एका वाडीचा, आता डोंबिवलीत राहणारा एक चाकरमानी विचारतो: "विधानसभेच्या मतदानाला आमच्या वाडीतले आम्ही चाळीस-पंचेचाळीस जण एका बसने गावी गेलो. वाटेत जेवण झालं, परतीची सोयही होती. पैसे कुणी भरले ते आजतागायत कळलं नाही, आणि खरं सांगायचं तर कुणी विचारलंही नाही. उमेदवाराला चाळीस लाखांची मर्यादा असते म्हणतात. मग अशा बसा त्यात बसतात कशा? आणि निवडणुकीचा खर्च सरकारनेच दिला, तर हे सगळं थांबेल का?"

मी कणकवलीत करसल्लागार आहे. २००४ पासून लोकसभा-विधानसभेच्या जवळजवळ प्रत्येक निवडणुकीत कुणा ना कुणा उमेदवाराचं खर्चाचं दप्तर माझ्या टेबलावर आलेलं आहे. कधी पक्ष बदलला, कधी उमेदवार तोच आणि पक्ष बदललेला. त्यामुळे मी जे सांगतोय ते कुठल्या झेंड्याखाली उभं राहून सांगत नाही. पण हात अगदी स्वच्छ ठेवूनही सांगत नाही, हे पुढे कळेलच.

तुमच्या पहिल्या प्रश्नाचं उत्तर सोपं आहे. बस मर्यादेत बसते, कारण ती वहीत येतच नाही. दुसऱ्याचं उत्तर थोडं लांब आहे.

आधी ही वही कशी असते ते बघा. अर्ज भरायच्या किमान एक दिवस आधी उमेदवाराने निवडणुकीसाठी वेगळं बँक खातं उघडायचं. खर्च त्यातूनच करायचा. एका माणसाला किंवा दुकानाला संपूर्ण निवडणुकीत मिळून दहा हजारांपेक्षा जास्त रोख द्यायची नाही, त्यावरचं सगळं चेकने किंवा ऑनलाइन. निवडणूक कार्यालयातून जी नोंदवही मिळते तिची पानं तीन रंगांची: पांढऱ्यावर रोजचा खर्च, गुलाबीवर रोकड, पिवळ्यावर बँक. प्रचाराच्या काळात किमान तीनदा ती खर्च निरीक्षकासमोर न्यायची. निकालानंतर तीस दिवसांच्या आत पूर्ण हिशेब, गोषवारा आणि प्रतिज्ञापत्र जिल्हा निवडणूक अधिकाऱ्याकडे. नाही दिलं तर लोकप्रतिनिधित्व कायद्याच्या कलम १०-अ खाली तीन वर्षांसाठी अपात्र. मर्यादा मोठ्या राज्यांत विधानसभेला ४० लाख आणि लोकसभेला ९५ लाख, हे आकडे जानेवारी २०२२ पासूनचे. २०१४ ला ते २८ आणि ७० लाख होते.

कागदावर हे कडक आहे, आणि बऱ्याच अंशी अमलातही येतं. भरारी पथक, व्हिडिओ पथक फिरतात. निवडणूक शाखा स्वतःची एक समांतर नोंदवही ठेवते, तिला सगळे शॅडो रजिस्टरच म्हणतात. एकदा आमच्या एका सभेला आम्ही तीनशे खुर्च्या लावल्या होत्या आणि पथकाच्या व्हिडिओत पाचशेच्या वर निघाल्या. मागच्या दोन रांगा शेजारच्या लग्नाच्या मांडवातून लोकांनी स्वतःच ओढून आणल्या होत्या. खरंच आणल्या होत्या! पण खुर्ची ती खुर्ची. जिल्ह्याच्या दरसूचीप्रमाणे भाडं लागलं.

निरीक्षक बाहेरच्या राज्यातला असतो, बहुधा प्राप्तिकर खात्यातला. एका वर्षी आलेल्या साहेबांनी "वडे-सागोती" या नोंदीवर बोट ठेवलं. दरसूचीत वडा होता, म्हणजे वडापावातला. त्यांना वाटलं आम्ही वड्याच्या नावाखाली भलतंच काही दडवतोय. कोंबडीचं सार आणि तांदळाचे वडे हा इथला पाहुण्यांचा बेत असतो, हे समजावून सांगण्यात माझी सकाळ गेली. शेवटी मांसाहारी थाळीच्या दराने नोंद झाली. साहेब प्रामाणिक होते. नंतर त्यांनी ते खाऊनही बघितलं, स्वतःच्या पैशाने.

एवढी बारीक तपासणी होते, तरी माझ्या हातून गेलेला एकही हिशेब मर्यादेच्या पाऊणापर्यंत पोचलेला नाही. बहुतेक निम्म्यावरच थांबतात. मतदारसंघात काय चाललंय ते बघणारा माणूस हे आकडे वाचून हसतो. मग चोरी कुठे आहे? खरी गंमत अशी की बरीचशी चोरी नाहीच. कायद्यानेच ती जागा मोकळी सोडलेली आहे.

कलम ७७ म्हणतं, उमेदवाराने हिशेब ठेवायचा तो नामांकनाच्या तारखेपासून निकालाच्या तारखेपर्यंतचा. म्हणजे तीन-चार आठवडे. आता आपल्याकडचं वर्ष डोळ्यांसमोर आणा. निवडणूक तोंडावर असली की गणपतीला मुंबईहून फुकट बसा सुटतात, परळ-दादर-बोरिवलीला रात्री झेंडे दाखवून. मग भजनी मंडळांना पखवाज, टाळ, मृदंग. जत्रेला दशावताराचा नाट्यप्रयोग कुणातरी दादांच्या सौजन्याने. देवळाच्या सभामंडपाला लाद्या. जानेवारीपासून मळेशेतीत खेळपट्ट्या तयार होतात आणि ओव्हरआर्म, अंडरआर्म क्रिकेटच्या स्पर्धा सुरू: चषक, रोख बक्षीस, टी-शर्ट, रात्रीचे दिवे, समालोचकाचं मानधन. शिमग्याला पालखीपुढे ढोलपथक. यातला एकही रुपया वहीत येत नाही. यायचं कारणच नाही, कारण तेव्हा तो माणूस उमेदवार नसतो. आपल्याकडे निवडणूक जिंकली जाते ती भाद्रपदात आणि शिमग्यात, आणि वही उघडते नामांकनाला.

तुमची बस मात्र मतदानाच्या वेळची, म्हणजे वही उघडी असतानाची. तिथे वेगळी गोष्ट होते. मतदारांना फुकट ने-आण करणं कलम १२३(५) खाली भ्रष्ट आचरण आहे. पण कायद्याचे शब्द "मतदान केंद्रापर्यंत किंवा तिथून" असे आहेत. वकील म्हणतात, दादरहून गावच्या तिठ्यापर्यंतची बस म्हणजे मतदान केंद्रापर्यंतची नव्हे, पुढे लोक चालत गेले. शिवाय बस उमेदवाराने केली हे सिद्ध व्हायला हवं. केलेली असते ती मुंबईतल्या एखाद्या मंडळाने, तालुका संघाने, किंवा गावच्याच एखाद्या यशस्वी माणसाने. पावती असलीच तर त्यांच्या नावावर.

आता माझीच एक कबुली. एका निवडणुकीत मी डिझेलचा हिशेब जुळवत होतो. प्रचाराच्या जीपा रोज फिरत होत्या आणि आमच्याकडे डिझेलच्या पावत्या जेमतेम दोन गाड्यांच्या. म्हणून पंपावर गेलो. तिथल्या उधारीच्या वहीत आमच्या जीपांचे नंबर रांगेने लिहिलेले, आणि पानाच्या डोक्यावर नाव एका ठेकेदाराचं, ज्याचे डंपर त्याच पंपावर भरतात. पंपावरच्या पोराने माझ्याकडे बघून सांगितलं, "दादा, तां आपल्या खात्यार नाय." मी वही मिटली आणि परत आलो. उमेदवाराच्या माहितीने आणि मूक संमतीने झालेला खर्च हा त्याचाच खर्च, हे मला तेव्हाही ठाऊक होतं. परवानगीशिवाय दुसऱ्याने प्रचारावर खर्च करणं हाही गुन्हाच आहे. जुन्या दंड संहितेच्या १७१-एच कलमात त्याला दंड होता पाचशे रुपयांपर्यंत, नव्या न्याय संहितेत दहा हजारांपर्यंत. डिझेलचा एका दिवसाचा खर्चही त्याहून जास्त होता.

त्या ठेकेदाराला त्या बदल्यात काय मिळालं ते मला सांगता येणार नाही. पण आपल्या भागात निवडणुकीचा पैसा कुठून येतो असं विचाराल, तर मोठ्या कंपन्यांकडे बघू नका. चिरेखाण, क्रशर, वाळू, रस्त्याची कामं, जमिनीचे व्यवहार, या चार-पाच ठिकाणी बघा. अमेरिकेत केंद्र सरकारचं कंत्राट असलेल्याने केंद्रीय निवडणुकीतल्या उमेदवाराला किंवा पक्षाला देणगी देण्यावर १९४० पासून बंदी आहे. आपल्याकडे सरकारी कंपनीने देणगी देऊ नये असं आहे, पण सरकारी कामावर जगणाऱ्या खासगी ठेकेदाराला अशी काही आडकाठी नाही.

इलेक्टोरल बाँड्सबद्दल तुम्ही विचारलं नाहीत, पण हल्ली या विषयावर बोलायला बसलं की लोक तिथूनच सुरुवात करतात, म्हणून थोडक्यात. पक्षाला देणगी द्यायचे हे रोखे २०१८ पासून स्टेट बँकेतून विकले गेले, एकूण सुमारे १६,५१८ कोटींचे. देणारा कोण ते मतदाराला कळायची सोय नव्हती. १५ फेब्रुवारी २०२४ ला सर्वोच्च न्यायालयाच्या पाच न्यायाधीशांनी ते घटनाबाह्य ठरवले, आणि कंपन्यांच्या देणगीवरची, सरासरी नफ्याच्या साडेसात टक्क्यांची मर्यादा, जी २०१७ मध्ये काढून टाकली होती, ती परत आली. निकाल योग्यच होता. पण बाँड नावाचा कागद मी आमच्या तालुक्यात कधी कुणाच्या हातात पाहिला नाही. तो पैसा वरच्या कार्यालयात जिरतो. खाली पोचतो तो रोखीने, पिशवीतून.

पक्षाच्या खर्चाकडे येतो, कारण सगळ्यात मोठं भगदाड तिथे आहे. १९७४ मध्ये कंवरलाल गुप्ता विरुद्ध अमरनाथ चावला या दिल्लीच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालय म्हणालं की उमेदवारासाठी पक्षाने केलेला खर्चही उमेदवाराच्याच मर्यादेत धरला पाहिजे. साधी गोष्ट. काही आठवड्यांत अध्यादेश निघाला आणि कलम ७७ ला स्पष्टीकरण जोडून पक्षाचा खर्च बाहेर काढला गेला. २००३ च्या दुरुस्तीने ती पळवाट अरुंद केली. आता स्टार प्रचारकांचा प्रवासखर्च आणि पक्षाचा सर्वसाधारण प्रचार बाहेर, बाकी आत. पण पक्षाने एकूण किती खर्च करायचा याला आजही वरची मर्यादा नाही. विधानसभेनंतर ७५ दिवसांत आणि लोकसभेनंतर ९० दिवसांत हिशेब द्यायचा, एवढंच.

त्यामुळे काय होतं ते मोठ्या सभेत दिसतं. नेता आला आणि उमेदवार त्याच्या शेजारी मंचावर बसला, किंवा त्याचं नाव-फोटो मागच्या फलकावर आला, की मांडवाचा खर्च त्याच्या वहीत. दोन उमेदवार बसले तर निम्मा-निम्मा. म्हणून माझ्यासारखा माणूस सभेच्या आदल्या रात्री उमेदवाराला सांगतो, "साहेब, उद्या तुम्ही खाली, पहिल्या रांगेत." उमेदवार चिडतो. ज्याच्यासाठी सभा, तोच खाली! पण वही वाचते.

आता सरकारी पैशाचं. ही कल्पना जुनी आहे. १९९० मध्ये व्ही. पी. सिंग सरकारच्या काळात दिनेश गोस्वामी समितीने ती मांडली. त्या सरकारात आपले मधु दंडवते अर्थमंत्री होते. १९७१ ते १९८९ सलग पाच वेळा राजापूर मतदारसंघातून ते लोकसभेवर गेले. त्यांच्या आधी नाथ पै. त्या काळचे कार्यकर्ते अजून सांगतात की भाकरी घरची, मुक्काम शाळेच्या ओट्यावर, आणि वर्गणी वाडीवाडीतून. मी त्यात फार हरखून जात नाही. तेव्हा रस्तेच नव्हते, जीप फिरवायची कुठे? पण वर्गणीचा भाग लक्षात ठेवण्यासारखा आहे, त्याच्याकडे परत येतो. १९९८ मध्ये इंद्रजित गुप्ता समितीनेही सरकारी मदतीची बाजू घेतली, पण ती रोखीने नको, वस्तुरूपाने द्या आणि फक्त मान्यताप्राप्त पक्षांना द्या, असं म्हणून. त्याचा थोडा भाग आज चालूही आहे: मान्यताप्राप्त पक्षांच्या उमेदवारांना मतदारयादी फुकट मिळते, आकाशवाणी-दूरदर्शनवर पक्षांना वेळ मिळतो.

रोख द्यायचे म्हटलं तर परवडेल का? परवडेल. २०२४ च्या लोकसभेला सुमारे ६४ कोटी लोकांनी मतदान केलं. मताला शंभर रुपये धरले तर ६,४०० कोटी, पाच वर्षांतून एकदा. देशाला हे जड नाही. माझी हरकत वेगळी आहे. सरकारने दिलेले पैसे पांढऱ्या पानावर येतील आणि पंपावरची उधारी तशीच चालू राहील. गणपतीची बस तशीच सुटेल. आधीचा खर्च थांबवायची सोय न करता वरून नवे पैसे ओतले तर ते भर म्हणून जातात, बदली म्हणून जात नाहीत.

उलट टोकाची, म्हणजे सरसकट बंदीची चूकही आपण करून बसलोय. १९६९ मध्ये कंपन्यांच्या देणग्यांवर बंदी आली, १९८५ मध्ये ती उठली. मधल्या सोळा वर्षांत कंपन्या द्यायच्या थांबल्या नाहीत, पावत्या घ्यायच्या थांबल्या.

मला विचाराल तर पहिला बदल तारखेचा. विधी आयोगाने २०१५ च्या २५५ व्या अहवालात सुचवलं की हिशेब अधिसूचनेच्या तारखेपासून धरावा. त्याने आठवडाभराचीच भर पडेल. ब्रिटनमध्ये सार्वत्रिक निवडणुकीआधीचे ३६५ दिवस पक्षाचा प्रचारखर्च मोजला जातो आणि त्याला मर्यादाही आहे. आपल्याकडे निदान सहा महिने धरा. ज्याने पुढे अर्ज भरला, त्याने मागच्या सहा महिन्यांत मतदारसंघात आपल्या नावाने वाटलेलं सगळं प्रतिज्ञापत्रावर सांगायचं: चषक, टाळ, बसा. खोटं सांगितलं तर विरोधी उमेदवाराकडे फोटो असतातच, आजकाल चषक द्यायच्या आधी फोटो जातो. विधानसभा मुदतीआधी बरखास्त झाली तर सहा महिने आधीपासून कुणाला काय कळणार, ही अडचण खरी आहे. पण पाच वर्षांनी निवडणूक कधी येणार हे आपल्या क्रिकेट मंडळांनासुद्धा कळतं.

आणि हे करताना मर्यादा वाढवा. हे ऐकून लोक दचकतात. पण एका विधानसभा मतदारसंघात अडीच लाखांच्या आसपास मतदार, शंभरेक गावं, प्रत्येक गावाच्या दहा वाड्या, मधे खाड्या. चाळीस लाखांत प्रामाणिक माणसालाही धड पोचता येत नाही. मर्यादा अवास्तव असली की प्रामाणिक उमेदवारही पहिल्या आठवड्यात खोटं लिहायला शिकतो, आणि एकदा शिकला की मग किती खोटं हा हिशेबाचाच प्रश्न उरतो.

देणगीच्या बाबतीत एक विसंगती आहे, ती आमच्या धंद्यातल्या माणसाला फार खुपते. पक्षाला रोख देणगी घ्यायची मर्यादा २०१७ मध्ये २,००० रुपयांवर आणली. पण देणगीदाराचं नाव आयोगाला कळवायची मर्यादा कलम २९-क प्रमाणे अजून २०,००० च आहे. म्हणजे त्याच्या आतली रक्कम कितीही लोकांच्या नावाने दाखवा, नावं विचारणारं कुणी नाही. विधी आयोगाने यावर चांगला तोडगा दिला होता: अशा निनावी देणग्या वीस कोटी किंवा एकूण देणग्यांच्या वीस टक्के, यांतला जो आकडा कमी असेल त्याच्या वर गेल्या, तर सगळी नावं द्यायची. तो तसाच धूळ खात पडलाय. आणि नावं वर्षअखेरच्या अहवालात येऊन मतदाराला उपयोग नाही. ब्रिटनमध्ये निवडणूक चालू असताना पक्ष दर आठवड्याला मोठ्या देणग्या कळवतात. आपल्याकडे किराणा दुकानदार यूपीआयचा हिशेब रोज रात्री बघतो, पक्षांना काय अवघड?

हे झालं की मग सरकारी पैसा आणा, आणि तो वर्गणीला जोडून आणा. जर्मनीत पक्षाने लोकांकडून जमवलेल्या छोट्या देणग्यांवर सरकार ठरावीक प्रमाणात भर घालतं, आणि पक्षाच्या स्वतःच्या उत्पन्नापेक्षा सरकारी पैसा जास्त होऊ देत नाही. म्हणजे पैसा हवा तर आधी वाडीत फिरा, शंभर-दोनशे गोळा करा. पक्षाने वाडीत टाळ वाटण्याऐवजी वाडीकडून वर्गणी मागायला यावं, अशी वेळ आली तर ती मला बघायला आवडेल. अपक्षांचं काय करायचं, हा वाद तिथेही आहे. त्याला उत्तर सापडेल.

अपात्रतेची भीती खरी आहे का, असंही बरेच जण विचारतात. हिशेबच दिला नाही म्हणून छोटे उमेदवार अपात्र होतात, अगदी नियमाने. खोटा दिला म्हणून मोठा माणूस जाणं दुर्मिळ. उत्तर प्रदेशातल्या आमदार उमलेश यादव यांना ऑक्टोबर २०११ मध्ये आयोगाने पेड न्यूजचा, म्हणजे पैसे देऊन छापवलेल्या बातम्यांचा, खर्च दडवल्याबद्दल अपात्र ठरवलं, ते उदाहरण आम्ही अजून देतो, कारण दुसरं पटकन आठवत नाही. २०१४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने हिशेब खरा आहे का हे तपासायचा आयोगाचा अधिकार मान्यही केला. अधिकार आहे, माणसं नाहीत. एका निरीक्षकाकडे दोन-तीन मतदारसंघ, आणि निकाल लागला की त्याला आपल्या नेहमीच्या कामाचे वेध लागतात.

राहिली तुमची बस. एक गोष्ट तुमच्या हातात आहे आणि ती फारशी कुणाला ठाऊक नाही. उमेदवाराने दिलेला हिशेब कुणालाही बघता येतो. १९६१ च्या नियमांत त्याची फी एक रुपया लिहिलेली आहे. पुढच्या वेळी निकालानंतर महिन्याभराने गावी याल तेव्हा ओरोसला जिल्हा निवडणूक शाखेत एक अर्ज द्या आणि पांढरी पानं मागून घ्या. वाहनांच्या नोंदी वेगळ्या असतात, गाडीच्या नंबरासकट. तुमच्या बसचा फोटो कुणाच्या तरी फोनमध्ये असेलच, नंबर जुळवून बघा. बावीस वर्षांत माझ्या माहितीत तिथे अशी पानं मागायला आलेला एकच माणूस, आणि तो हरलेला उमेदवार होता.